सेवेकऱ्याचा सन्मान करावा काय?

यात्रा संपली, काला झाला, महाप्रसादाची शेवटची पंगत उठली, की गावोगावी एक छोटासा कार्यक्रम होत असतो. मंडपातच दोन-चार खुर्च्या मांडल्या जातात, ध्वनिक्षेपक अजून काढलेला नसतो, आणि यात्रा पार पाडण्यासाठी ज्यांनी परिश्रम घेतले त्यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार केला जातो. हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर असो की वर्धा जिल्ह्यातील दुसरे कोणतेही गाव, हा प्रकार सर्वत्र सारखाच. नावे पुकारली जातात, टाळ्या होतात, छायाचित्र घेतले जाते. त्याच वेळी मंडपामागे काही जण मोठमोठ्या कढया आणि गंज घासत बसलेले असतात. त्यांच्यापैकी एखाद्याचे नाव पुकारले गेलेच, तर तो राखेचे हात धुऊन येईपर्यंत पुढच्या नावाच्या टाळ्या सुरू झालेल्या असतात.

अशा वेळी विचारी भाविकाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो, आणि विश्वस्त मंडळांच्या बैठकांतही तो दरवर्षी निघतो. सेवेकऱ्याचा सन्मान करावा काय? करावा, तर कोणाचा करावा? एक पक्ष म्हणतो की सेवा ही देवाची; तिचा मोबदला पैशात घेणे जसे गैर, तसेच तो मानात घेणेही गैर. दुसरा पक्ष म्हणतो की माणूस काही दगड नव्हे, चार शब्द कौतुकाचे मिळाले तर त्याचा हुरूप वाढतो, आणि नवी पिढी पुढे यायची असेल तर कौतुक हवेच. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. म्हणूनच प्रश्न सुटत नाही आणि बहुतेक ठिकाणी बैठक संपताना मागील वर्षीचीच यादी पुढे चालू राहते.

पहिल्या पक्षाला शास्त्राचा आधार आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तप आणि दान यांचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. लोकांनी आदर करावा, मान द्यावा, पूजा करावी, एवढ्यासाठी जे तप केले जाते ते राजस होय आणि ते स्थिर राहत नाही, असे भगवंतांनी तेथे स्पष्टच सांगितले आहे. वर्धा येथील गीताई मंदिरात शिळांवर अठराही अध्याय कोरलेले आहेत. यात्रेकरूंनी तेथे गेल्यावर हा भाग अवश्य शोधून वाचावा. भगवंतांनी अशा तपाला राजस म्हटले आहे, तामस म्हटलेले नाही, हेही वाचताना ध्यानात घ्यावे. मानाच्या अपेक्षेने केलेली सेवा म्हणजे पाप नव्हे. दोष असलाच तर तो एवढाच, की मान मिळेनासा झाला की ती सेवाही थांबते. ज्या गावात सत्कारावर सेवेकरी टिकवले जातात, त्या गावाला दरवर्षी सत्कार वाढवत न्यावा लागतो, हा अनुभव पुष्कळांना असेल.

याहून प्रभावी आधार पैठणच्या कथेत आहे. संत एकनाथ महाराजांच्या वाड्यात श्रीखंड्या नावाचा एक गडी बारा वर्षे राबला. कावडीने गोदावरीचे पाणी आणावे, रांजण भरावा, चंदन उगाळावे, पडेल ते काम करावे. पुढे द्वारकेहून एक ब्राह्मण देवाच्या शोधात पैठणला आला आणि तुमच्या घरी पाणी भरणारा गडी म्हणजे साक्षात श्रीकृष्ण आहे, असे त्याने नाथांना सांगितले. तोवर श्रीखंड्या अंतर्धान पावला होता. तो रांजण पैठणला आजही दाखवला जातो आणि नाथषष्ठीच्या वेळी भाविक त्यात पाणी ओततात. सत्काराला विरोध असणारे लोक ही कथा आवडीने सांगतात. प्रत्यक्ष देवाने सेवा केली ती नाव बदलून केली, आणि ओळख पटण्याची वेळ येताच तो निघून गेला. मग इतरांनी शालीची अपेक्षा कशाला करावी?

परंतु ही कथा श्रीखंड्याच्या बाजूने जशी ऐकावी तशी नाथांच्या बाजूनेही ऐकावी. गडी देव होता हे कळल्यावर नाथांना आनंद झाला नाही, परंपरेने त्यांचा पश्चात्तापच सांगितला आहे. बारा वर्षे ज्याच्या खांद्यावर कावड दिली, त्याला आपण ओळखले नाही, याचे त्यांना दुःख झाले. म्हणजे एकाच कथेत दोन वेगवेगळी कर्तव्ये आहेत. सेवा करणाऱ्याने ओळखीची इच्छा धरू नये, हे एक. ज्याची सेवा झाली त्याने सेवा करणाऱ्याला ओळखावे, हे दुसरे. पहिले कर्तव्य सेवेकऱ्याचे आहे, दुसरे घरमालकाचे. देणाऱ्याने विसरावे आणि घेणाऱ्याने लक्षात ठेवावे, हा व्यवहारातलाही नियम आहे. घेणारा जर म्हणू लागला की देणाऱ्याने विसरायचेच असते, तेव्हा मी तरी लक्षात कशाला ठेवू, तर तो दुसऱ्यासाठी सांगितलेला धर्म स्वतःच्या सोयीसाठी वापरतो आहे. निष्काम सेवेचा उपदेश व्यासपीठावरून करणारी पुष्कळ मंडळी, आणि त्यात देवस्थानांचे पदाधिकारीही आले, याच ठिकाणी चुकतात. कढई घासणाऱ्याने नावाची अपेक्षा करू नये हे खरे. पण त्याचे नाव कार्यालयात कोणालाच ठाऊक नसावे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

वर्धा जिल्ह्याला तर या प्रश्नाचा विचार करण्याचा विशेष अधिकार आहे. सेवा या शब्दावरून ज्याचे नाव पडले असे गाव याच जिल्ह्यात आहे. महात्मा गांधी १९३६ साली शेगावला राहावयास आले आणि १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमात कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आले, तेव्हा बापूंनी त्यांना जवळच ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. सेवाग्रामला जाणाऱ्या यात्रेकरूस तेथे परचुरे कुटी दिसते. शुश्रूषा करणारे जगद्विख्यात, पण कुटीला नाव राहिले ते रुग्णाचे. मानाची देवघेव कशी असावी याचा इतका साधा नमुना दुसरा आढळणार नाही.

ज्यांच्या आग्रहामुळे बापू वर्ध्यास आले, त्या जमनालाल बजाजांना इंग्रज सरकारने रायबहादूर ही पदवी दिली होती. असहकाराच्या चळवळीत त्यांनी ती परत केली. पुढे १९७७ मध्ये त्यांच्या नावे प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि त्याच्या वतीने १९७८ पासून विधायक कार्य करणाऱ्यांना पुरस्कार दिला जातो. पदवी परत करणाऱ्याच्या नावे पुरस्कार, हा विरोधाभास वाटेल; परंतु थोडा विचार केला तर तो विरोधाभास राहत नाही. सरकारकडून मिळणारी पदवी ही निष्ठेची किंमत होती, आणि पदवी स्वीकारणारा त्या सरकारचा मिंधा होत होता. ज्याने मान दिला तो आपल्याकडून काय मागतो, हे तपासूनच मान घ्यावा किंवा नाकारावा.

हिंगणघाट हे तर बाबा आमटे यांचे जन्मगाव. २६ डिसेंबर १९१४ हा त्यांचा जन्मदिवस. वरोऱ्याला असताना या वकिलाने सफाई कामगारांबरोबर डोक्यावरून मैला वाहिला, आणि पुढे तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी गटारात पडलेला पाहून तो प्रथम घाबरून पळाला, हे बाबांनी स्वतःच सांगितलेले आहे. त्या भीतीवर मात करण्यातून आनंदवन उभे राहिले. पद्मश्री १९७१ मध्ये, मॅगसेसे १९८५ मध्ये, पद्मविभूषण १९८६ मध्ये, टेम्पल्टन १९९० मध्ये. त्यांपैकी दोन्ही पद्म सन्मान त्यांनी १९९१ मध्ये नर्मदा प्रकल्पातील विस्थापित आदिवासींना मिळालेल्या वागणुकीच्या निषेधार्थ परत केले. मानाचा उपयोग तो परत करण्यासाठीही होतो, हे त्यांनी दाखवले. परत करायला आधी तो मिळालेला असावा लागतो, ही गोष्ट वेगळी. आणि वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ सालीच मनोहर दिवाण यांनी कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली होती. विनोबांचे हे सहकारी किती जणांना ठाऊक आहेत? त्यांचे काम काही कमी नव्हते. नावाची व्याप्ती आणि कामाची व्याप्ती यांचे प्रमाण सारखे असतेच असे नाही, हे यावरून समजावे, आणि दोघांपैकी कोणाचेही श्रेय त्यामुळे कमी मानू नये.

थोरांचा विषय येथे पुरे, कारण यात्रेच्या मंडपातला प्रश्न अधिक अवघड आहे. तेथे निवड करावी लागते. ‘उत्कृष्ट सेवेकरी’ हा शब्द उच्चारला की बाकीचे सर्व त्याहून कमी ठरतात. आणि माप कशाने घ्यावयाचे? जो तीस दिवस देवस्थानात राबला त्याची सेवा मोठी, असे वरकरणी वाटते. परंतु तीस दिवस ज्याला मोकळे मिळतात त्याचे घर कोणीतरी चालवीत असते. कापसाच्या दिवसांत वेचणीची मजुरी किलोमागे मिळते. सकाळपासून वेचणी करून, कंबर दुखत असताना संध्याकाळी मंदिराच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटावयास येणारी बाई दोनच तास देते. एखादे दिवशी ती सकाळीच आली, तर त्या दिवसाची मजुरी बुडवून येते. हजेरीच्या वहीत तिचे तास फार थोडे भरतात.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात सांगितलेली मुंगसाची गोष्ट येथे आठवते. युधिष्ठिराचा अश्वमेध पूर्ण झाला. अन्नाचे डोंगर, दानाचे पूर. तेवढ्यात अर्धे अंग सोन्याचे असलेले एक मुंगूस तेथे आले आणि म्हणाले की हा यज्ञ कुरुक्षेत्रातील एका गरीब ब्राह्मणाच्या शेरभर सातूच्या पिठाच्या बरोबरीचा नाही. दुष्काळात शेतात सांडलेले दाणे वेचून त्या कुटुंबाने पीठ केले होते. चौघांनी चार वाटे केले, इतक्यात अतिथी आला. ब्राह्मणाने आपला वाटा दिला, अतिथीची भूक भागली नाही. मग पत्नीने, मुलाने, सुनेने आपापला वाटा दिला. तेथे सांडलेल्या कणांत लोळल्यामुळे मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले होते, आणि उरलेले अर्धे सोन्याचे व्हावे म्हणून ते यज्ञामागून यज्ञ हिंडत होते. धर्मराजाच्या मंडपातही ते झाले नाही.

या कथेत युधिष्ठिराची निंदा नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. यज्ञ खोटा होता असे मुंगूस म्हणत नाही, जेवणारे खरोखरच जेवले होते. मोठे दान करणाऱ्या भाविकांनी या कथेने खट्टू होऊ नये. त्यांच्या देणगीवाचून भक्तनिवास उभा राहत नाही, पाण्याची टाकी होत नाही, आणि पोळ्या लाटायला पीठही येत नाही. मुंगसाचे म्हणणे इतकेच की दोन दानांची तुलना करावयाची असेल तर किती दिले हे पुरेसे नाही, मागे काय उरले हेही पाहावे लागते. आणि मागे काय उरले हे कोणत्याही समितीला दिसत नाही. म्हणून ‘उत्कृष्ट’ कोण हे ठरवण्याचा अधिकार समितीने स्वतःकडे घेताना थोडे बिचकावे, हे बरे.

निवड न करता मान देण्याची रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही. आषाढी एकादशीला पंढरपुरात मुख्यमंत्र्यांच्या हस्ते श्रीविठ्ठल-रुक्मिणीची शासकीय महापूजा होते. त्या वेळी मुख्यमंत्र्यांसमवेत पूजेला बसण्याचा मान एका वारकरी दांपत्याला मिळतो, आणि एसटी महामंडळाकडून त्यांना वर्षभराचा मोफत प्रवासाचा पास दिला जातो. हे दांपत्य कसे ठरते? दर्शनाच्या रांगेत त्या वेळी जे पुढे उभे असतात ते. त्यांची शिफारस कोणी केलेली नसते, त्यांच्या कार्याचा अहवाल कोणी मागवलेला नसतो. मागे उभ्या असलेल्या लक्षावधींपैकी कोणालाही त्याचे वाईट वाटत नाही, कारण त्या दोघांच्या ठिकाणी आपणही असू शकलो असतो हे प्रत्येकाला ठाऊक असते. तो मान सर्वांच्या वतीने दोघांनी घेतलेला असतो.

दुसरी रीत याहून जुनी आहे, आणि ती ‘मान’ या शब्दातच दडलेली आहे. आज मान म्हणजे काम झाल्यानंतर मिळणारे बक्षीस असे समजले जाते. यात्रा-जत्रांच्या भाषेत मात्र मान म्हणजे काम करण्याचा हक्क. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखी सोहळ्यात बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व असतात. हा त्यांचा मान. परंतु तो मान म्हणजे दरवर्षी अंकलीहून आळंदीपर्यंत अश्व आणणे, त्यांची निगा राखणे, सोहळ्याबरोबर चालणे. पालखीच्या रथाला बैलजोडी जुंपण्याचा मान आळंदीतील वेगवेगळ्या घराण्यांकडे जातो. ज्याच्याकडे तो येतो तो बैल शोधतो, त्यांना खुराक देतो, चालण्याची सवय करवतो. खर्च त्याचा, कष्ट त्याचे, आणि मानही त्याचाच. अशा मानकऱ्याला नंतर आणखी शाल देण्याची गरज उरत नाही.

बुलडाणा जिल्ह्यातील शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळते. तेथे विनामूल्य सेवा करण्यासाठी आपली पाळी येण्याची वाट पाहणारे हजारो सेवेकरी आहेत. सेवा मागावी लागते आणि ती पाळीने मिळते. या व्यवस्थेला शिस्त लावणारे शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवर्तले. त्यांच्या पश्चातही ती चालू आहे. जेथे सेवाच प्रसादासारखी वाटली जाते, तेथे सत्काराचा प्रश्न निम्मा सुटतो.

निम्माच, असे म्हणण्यास कारण आहे. मान म्हणजे काम करण्याचा हक्क असे एकदा मानले, की मग तो हक्क कोणाला मिळाला आणि कोणाला नाकारला गेला, हे विचारावेच लागते. येथे मंदिरांच्या इतिहासातील एक दुखरी जागा आहे, आणि ती यात्रेकरूंसाठीच्या पुस्तिकेत टाळून चालणार नाही. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९ जुलै १९२८ रोजी जमनालालजींनी तथाकथित अस्पृश्यांना खुले केले. पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. तोपर्यंत ज्यांना दर्शनच नव्हते, त्यांना सेवेचा मान कोठून असणार? दार उघडले ते दर्शनासाठी. स्वयंपाकघराचे दार, वाढप्याच्या हातातील बादलीचे दार, कितीतरी ठिकाणी त्यानंतरही बरेच दिवस बंद राहिले. गाव झाडावे, मेलेले ढोर ओढावे, ही कामे ज्यांच्यावर लादली गेली त्यांच्या श्रमाला कोणी सेवा म्हटले नाही, कारण नाही म्हणण्याची मुभाच त्यांना नव्हती. स्वेच्छेने हाती घेतलेला झाडू सेवा ठरतो आणि जन्माने हाती आलेला झाडू ठरत नाही, हा भेद न्यायाचा आहे काय?

संत गाडगे महाराजांनी या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी दिले नाही. ते गावात येत, आधी गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. पायावर डोके ठेवू पाहणाऱ्याला ते जवळ येऊ देत नसत. ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या, आणि स्वतः मात्र झोपडीत राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले. पुढे २०००-०१ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यात बक्षीस एका व्यक्तीला नव्हते, गावाला होते. ही कल्पना निःसंशय चांगली. गल्ल्या झाडणाऱ्या बायाबापड्यांना कोणी मंचावर बोलावले नाही, तरी गावाच्या नावात त्यांचे नाव आले. तथापि बक्षिसाचे गुण-दोष तेथेही सुटले नाहीत. तपासणी समिती येण्याच्या आधी झाडलेला रस्ता समिती गेल्यावर तसाच राहिला काय, हे ज्या त्या गावाने स्वतःशी पाहावे. राजस तप स्थिर राहत नाही, हे वर आलेच आहे.

यात्रेनंतरच्या सफाईचा विचारही याच ओघात करावयास हवा. पत्रावळी, द्रोण, नारळाच्या करवंट्या, प्लास्टिकच्या पिशव्या यांचा ढीग दुसऱ्या दिवशी जे उचलतात, त्यांना मजुरी मिळते म्हणून सेवेकऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव नसते. मजुरी मिळते हे खरे, आणि ती वेळेवर व पुरेशी मिळणे हा त्यांचा पहिला सन्मान होय. मजुरी थकवून शाल देणे ही चेष्टा ठरेल. पण मजुरी दिली म्हणजे ऋण फिटले असे मानणारा यजमान आणि बारा वर्षे श्रीखंड्याला न ओळखणारा यजमान, यांत फारसे अंतर नाही. पगारी माणसालाही पंगतीत बसवून वाढता येते. तसे करण्यास ठरावाची गरज पडत नाही.

देणगीदारांच्या नावफलकांविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. मंदिरांत नावे कोरण्याची प्रथा जुनी आहे. तिच्यामागचा मूळ भाव ज्यांना समजून घ्यायचा असेल त्यांनी पंढरपूरच्या महाद्वारातील नामदेव पायरी आठवावी. संतसज्जनांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून नामदेवरायांनी त्या पायरीशी समाधी घेतली, अशी श्रद्धा आहे. कित्येक ठिकाणी देणगीदार आपले नाव पायरीवर किंवा फरशीवर कोरून घेतात, ते याच भावनेने: लोकांनी वाचावे म्हणून नव्हे, लोकांची पावले पडावीत म्हणून. (पंढरपुरात मात्र भाविक नामदेव पायरीवर पाय देत नाहीत, तिच्यावर डोके ठेवतात. नामदेवरायांची इच्छा एक आणि लोकांचे प्रेम दुसरे.) अलीकडे नावे पायरीवरून भिंतीवर आणि भिंतीवरून प्रवेशद्वारावर चढली आहेत. त्यात सर्वस्वी दोष द्यावा असे नाही. हिशेब उघडा राहतो, आणि वडिलांच्या स्मरणार्थ दिलेल्या खोलीवर वडिलांचे नाव वाचून नातवंडांना आनंद होतो, हेही खोटे नाही. परंतु ज्या मंदिरात रुपये देणाऱ्याची नावे संगमरवरात आणि हात देणाऱ्यांची नावे कोठेच नाहीत, तेथे नव्या माणसाला सेवेपेक्षा देणगीच श्रेष्ठ असा धडा न बोलता मिळतो. याला सोपा उपाय आहे. सेवेकऱ्यांची एक नोंदवही ठेवावी. तीत नाव, गाव, कोणत्या साली कोणती सेवा, इतकेच लिहावे. क्रमांक देऊ नयेत, शेरे लिहू नयेत. स्वयंपाकघरातील बायांची नावे ‘महिला मंडळ’ या दोन शब्दांत गुंडाळू नयेत, एकेक करून लिहावीत. वही कार्यालयात ठेवावी; ज्याला पाहायची त्याने पाहावी. ज्या सेवेकऱ्याला आपले नाव तीत नको असेल त्याचे नाव लिहू नये, पण ते विचारावे अवश्य.

वृद्ध झालेल्या सेवेकऱ्यांचा प्रश्न यातूनच पुढे येतो. ज्याने वीस वर्षे पाणी भरले त्याचे गुडघे आता चालत नाहीत. तो यात्रेत येतो, चप्पल स्टँडच्या कट्ट्यावर बसतो, आणि आपल्याला कोणी काम सांगत नाही याचे त्याला दुःख होते. त्याला व्यासपीठावर नेऊन शाल पांघरली, तर त्याचा अर्थ त्याला नेमका कळतो: आता तुझे काम संपले. त्याच्या हाती टोकन देण्याचे, तुळशीची पाने निवडण्याचे, वाती वळण्याचे काम दिले तर तो पुन्हा मानकरी होतो. आजारपणात त्याच्या घरी प्रसाद पोहोचवणे, त्याच्या निधनानंतर दहाव्याला देवस्थानातर्फे कोणीतरी जाऊन बसणे, या गोष्टी खर्चाच्या नाहीत. घरच्या माणसांना त्या जन्मभर आठवतात.

सत्कार अजिबात बंद करावेत, असे मात्र या विवेचनावरून कोणी समजू नये. गावातील एखादा मुलगा प्रथमच पंगतीत वाढायला उभा राहिला आणि सर्वांसमक्ष त्याच्या हाती नारळ पडला, तर तो मुलगा पुढील वर्षी चार मित्र घेऊन येतो; तेवढा राजस भाग देव चालवून घेत असावा. नारळ हा तसाही प्रसादच आहे. तो देताना गुणगान थोडे आणि प्रसादाचा भाव अधिक असला, म्हणजे घेणाऱ्याला संकोच होत नाही आणि न मिळालेल्याला विषाद वाटत नाही.

वारकरी परंपरेत एक सन्मान असा आहे की त्याला मंडप, ध्वनिक्षेपक, छायाचित्रकार यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवली जात नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात, आणि रात्रीचा दोन ते चारचा पहारा कोणी आनंदाने मागून घेतो असे नाही; तो कोणाच्या तरी वाट्याला येतो. त्या वेळी मंडपात दोन-तीन माणसे जागी असतात, बाकी सगळे गाव झोपलेले असते. दोन वाजले की नवा विणेकरी येतो. आधीचा आपल्या गळ्यातील वीणा उतरवून त्याच्या गळ्यात घालतो, आणि दोघेही वाकून एकमेकांच्या पाया पडतात. त्यात वयाचा विचार नसतो; सत्तर वर्षांचा वृद्ध सोळा वर्षांच्या मुलाच्या पायाला हात लावतो, आणि मुलगाही त्याच्या पायाला. नामाचा ठेका तेवढ्यात चुकत नाही. मोकळा झालेला विणेकरी मंडपाच्या कडेला घोंगडी टाकून तास-दोन तास पडतो, आणि पहाटे काकड्याला उठतो.